फोडलेलं जळण नेमकं कोणत्या झाडाचं? दरवर्षीचा घोळ आणि तो सोडवायची रीत

मे महिन्यात ट्रॅक्टरभर फोडलेलं जळण अंगणात ओतलं जातं. गाडीवाला सांगतो, "एक नंबर बाभूळ आहे मालक." नाहीतर, "सगळं जंगली, जांभा नि ऐन. डोळे झाकून घ्या." जुलैत पाऊस लागला की त्यातल्या काही ढलप्या चुलीत नुसत्या धुमसत राहतात, काही भुर्रकन जळून निखारासुद्धा ठेवत नाहीत, आणि एखाद्या घरी जळण रचणाऱ्या बाईच्या हातावर फोड उठतात. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच गाडी आणि तेच जळण. खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, कुठंही जा, हा घोळ ठरलेला. मी लाकडाच्या वखारीत वाढलो आणि आजही तिथंच बसतो. माझ्यापुढं सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच: हातात एक ढलपी आणि तोंडी, "काका, हे कशाचं हो?"

ती ढलपी बहुतेक वेळा वर्षभर उन्हापावसात पडून राखाडी झालेली असते. तिच्याकडं नुसतं बघून कुणीही नाव सांगू नये, आणि कुणी सांगितलंच तर त्यावर विसंबू नये. उभ्या झाडाला पान, फूल, शेंग, काटा, ठेवण असं सगळं असतं. फोडलं की त्यातलं जवळजवळ सगळं जातं. उरतं ते लाकूड, नशीब असेल तर सालीचा तुकडा, आणि त्यावर ऊन-पावसानं चढलेला एकसारखा करडा रंग. शिवाय एकाच झाडाच्या दोन ढलप्या दोन वेगळ्या झाडांच्या वाटू शकतात: एक गाभ्यातली तांबडी, दुसरी कडेची पांढरी. घोळ इथूनच सुरू होतो. पण तो सुटतो. फक्त एकाच खुणेवर नाव ठेवायचं नाही, आणि खुणा ठरावीक क्रमानं बघायच्या.

सगळ्यांत आधी ओल

"जळण पेटत नाही, म्हणजे झाड वाईट" असं लोक धरून चालतात. पुष्कळ तक्रारी झाडाच्या नसतातच, ओलीच्या असतात. नीट वाळलेलं कुठलंही लाकूड घ्या, किलोमागं उष्णता साधारण सारखीच निघते, ४,५०० ते ५,००० किलोकॅलरीच्या आसपास. बाभळीचा किलो आणि आंब्याचा किलो यांत लोकांना वाटतो तेवढा फरक नाही. फरक आहे तो लाकूड किती घट्ट आहे यात, म्हणजे चुलीच्या तोंडात मावणाऱ्या एका ढलपीत किती किलो लाकूड आहे यात, आणि त्याहून मोठा फरक पाण्यात.

हिशेब करून बघा. वजनावर एक क्विंटल जळण घेतलं आणि त्यात ४० टक्के पाणी असलं, तर ६० किलो लाकूड आणि ४० किलो पाणी विकत घेतलं. एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला सुमारे ६२० किलोकॅलरी जातात. चाळीस लिटरला झाल्या जवळजवळ २५,०००. म्हणजे पाच-साडेपाच किलो चांगलं लाकूड निव्वळ पाणी उडवण्यात खर्ची पडलं. त्यातून ओल्या लाकडाची आच मंद, म्हणून धूरही न जळताच बाहेर पडतो, तो तोटा वेगळा. दूध आटवून बेळगावची कुंदा ही मिठाई करायला बसलेल्या कुंदावाल्याला विचारा, एकसारखी आच मिळाली नाही तर कढईचं काय होतं.

ओल ओळखायला दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. वाळलेल्या खणखणतात, ओल्या बद्द वाजतात. टोकाला मधोमधून कडेकडं गेलेल्या भेगा दिसल्या तर टोक वाळलंय एवढंच कळतं. आतलं कळायला ढलपी परत फोडून आतला भाग गालाला लावा, गार लागला तर अजून पाणी आहे. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे चार ढलप्यांवर खडूनं वजन लिहून त्या आडोशाला ठेवणं. दर आठवड्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. या कसोटीत जळण ओलं निघालं, तर झाडाचं नाव शोधत बसण्याआधी त्याला वारा लागेल असं रचा. खालून दगड किंवा ओंडके, वरून पत्रा, बाजू उघड्या. प्लास्टिक चारी बाजूंनी गुंडाळून ठेवलेलं जळण जांबोटी-कणकुंबीच्या पावसाळ्यात आतल्या आत बुरसतं.

गाडी कुठून आली?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि निम्मं उत्तर त्यातच असतं. आपला मुलूख छोटा, पण पश्चिमेकडून पूर्वेकडं जाताना झाडं पार बदलतात. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, लोंढ्याकडून किंवा जांबोटीच्या रानाकडून आलेल्या गाडीत ऐन, किंजळ, जांभा, नाणा, जांभूळ, बांधावरचा काजू आणि फणस यांची शक्यता जास्त. रायबाग, अथणी, गोकाकच्या कोरड्या भागातनं आली असेल तर गावठी बाभूळ, वेडी बाभूळ, कडुनिंब, चिंच. बेळगाव शहरातनं किंवा रस्तारुंदीच्या कामावरनं आली असेल तर रेन ट्री, गुलमोहर, सोनमोहर, सिल्व्हर ओक. आणि शेतातल्या लागवडीची तोड असेल तर निलगिरी, सुरू, सुबाभूळ, आकेशिया. अथणीकडनं आलेल्या गाडीत कुणी जांभा सांगू लागला तर तिथंच भुवई उंचवायची.

गाडीवाला कानडी बोलणारा असेल तर नावं कानडीतच विचारा, गोंधळ कमी होतो. "जाली ऐत्री, मालक" म्हणाला तर बाभूळ. मत्ती म्हणजे ऐन, नेरळे म्हणजे जांभूळ, होन्ने म्हणजे बिबळा, बेवू म्हणजे कडुनिंब, हुणसे म्हणजे चिंच, हलसू म्हणजे फणस. बळ्ळारी जाली म्हणाला तर ती वेडी बाभूळ. एका नावाला मात्र जपा: गेरू. ते काजूलाही म्हणतात आणि बिब्ब्यालाही. काजूचं जळण घरात चालतं, बिब्ब्याचं अजिबात नाही. त्याबद्दल पुढं सविस्तर.

ताजा काप घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका

ढीग आधी डोळ्यांनी दिसेल तसा वेगळा करा, साल असलेल्या ढलप्या एका बाजूला. मग प्रत्येक ढिगातली एक जाडशी ढलपी घ्या. धारदार कोयत्यानं तिची एक बाजू अंगठ्याच्या नखाएवढ्या खोलीपर्यंत तासा, म्हणजे करडा थर निघून खरा रंग दिसेल. टोकाचा आडवा भाग मात्र कोयत्यानं नका कापू, रेषा चेंगरतात. दाढीचं नवं पातं घ्या, टोक जरा ओलं करा आणि पातळ चकती तासून काढा. सोनार वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला टेकवून ढलपी जवळ आणा, उजेडाकडं तोंड करून. झाडानं पाणी वर नेलं त्या नळ्यांची छिद्रं तुम्हाला दिसतील. पहिल्यांदा सगळं सारखंच वाटतं. दोन ओळखीची लाकडं शेजारी शेजारी धरली की फरक दिसायला लागतो.

काही गोष्टी भिंगाशिवायही कळतात. सागाच्या टोकाला वर्षाची कडी स्पष्ट दिसते, कारण दर वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक ओळ येते. हाताला तो किंचित तेलकट लागतो आणि ताजा तासला तर जुन्या चामड्याकडं झुकणारा वास येतो. सिल्व्हर ओकच्या उभ्या फोडीवर चकचकीत रुंद पट्टे चमकतात, एकदा बघितले की विसरत नाहीत. वड, पिंपळ, उंबर यांच्या आडव्या कापावर फिकट-गडद बारीक लाटा एकाआड एक असतात. ज्यांच्या घरी ही झाडं जाळत नाहीत त्यांनी ही खूण लक्षात ठेवावी. बाभळीसारख्या शेंगवाल्या झाडांच्या कापावर बऱ्याचदा प्रत्येक छिद्राभोवती फिकट कडं दिसतं. आंब्यात आणि ऐनातही असं कडं येतं, म्हणून एवढ्यावरच बाभूळ ठरवायची नाही.

वजनासाठी तराजू नसला तरी चालतं. वाळलेल्या ढलपीतून सगळीकडं सारख्या जाडीची, हातभर लांब काठी काढा. पाण्यानं भरलेल्या उंच पिंपात ती उभी सोडा, वरून बोटानं नुसता आधार द्या, दाबू नका. जेवढा भाग बुडाला तेवढी तिची घनता. ३० सेंटिमीटरची काठी २४ सेंटिमीटर बुडाली तर घनता ०.८, म्हणजे घनमीटरला ८०० किलो. वाळलेली गावठी बाभूळ साधारण इथंच येते. साग ६०० ते ६५० च्या घरात, सावर ३५० ते ४०० च्या. बाभूळ म्हणून दिलेली काठी निम्मीच बुडाली तर ती बाभूळ नाही. ही कसोटी मला फार आवडते, कारण तिला रंगाची ओळख लागत नाही आणि गाडीवाल्यासमोर करता येते. ओल्या लाकडावर मात्र ती फसते.

साल मिळाली तर तिला जपा

ढिगात शंभरात एखाद्याच ढलपीला साल चिकटलेली असली तरी ती शोधा आणि त्याच रंगाच्या बाकीच्या ढलप्यांशी जुळवा. ऐनाची साल जाड, काळपट करडी, आणि आडव्याउभ्या खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फुटलेली, मगरीच्या पाठीसारखी. जंगली जळणात एवढी सोपी खूण दुसरी नाही. नाण्याची साल त्याच्या उलट: पातळ, गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. निलगिरीची साल लांब पट्ट्यांनी सोलून निघते आणि खाली गुळगुळीत फिकट अंग उघडं पडतं. सुरूचीही साल पट्ट्यांनी सुटते पण ती खरबरीत, आणि आतलं लाकूड तांबूस-तपकिरी नि विलक्षण जड. सुरू ओला असतानाही पेट घेतो, हे ज्यांनी अनुभवलंय ते तो कधी सोडत नाहीत. सावरीच्या कोवळ्या सालीवर जाड शंकूसारखे काटे असतात. सुबाभळीची साल पातळ, त्यावर बारीक उठावदार ठिपके.

बाभूळ, बाभूळ आणि बाभूळ

सगळ्यांत मोठा घोळ इथं आहे, म्हणून इथं जरा थांबू. "बाभूळ" या एका नावाखाली आपल्याकडं चार वेगळी झाडं विकली जातात, आणि दर मात्र एकच सांगितला जातो.

गावठी बाभळीची साल जाड, जवळजवळ काळी, उभ्या खोल भेगांची. भेगेत वाळलेल्या डिंकाचे मणी सापडतात. फांदीची ढलपी असेल तर पांढऱ्या काट्यांची जोडी किंवा तिचा व्रण शोधा. ताजा तासलेला गाभा गुलाबीसर तपकिरी, काही दिवसांत तांबूस होत जाणारा. कडेचं लाकूड पिवळट पांढरं आणि दोघांमधली सीमा ठळक. जड, फोडायला हट्टी, आणि निखारा टिकवणारी. भाकरीला हीच हवी असते, ती उगीच नाही.

आकेशिया म्हणजे ज्याला लोक ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात ते. वनखात्यानं रस्त्याकडेला आणि ओसाड जागी लावलेलं हे झाड आता जळणात भरपूर येतं. त्याला काटे नसतात. ढिगाच्या तळाशी झाडलोट करा, कोयरीच्या वळणाची वाळकी पानं किंवा कानासारख्या पिळलेल्या शेंगा सापडतील, बियांना नारिंगी दोरी असलेल्या. साल गावठीपेक्षा पातळ आणि करडी. गाभा तपकिरी, कधी गडद रेषा असलेला. घनता गावठीहून कमी, पण जळण म्हणून हे वाईट नाही, नीट वाळलं तर आच छान देतं. फसवणूक होते ती दरात. आकेशियाचा दर देऊन आकेशिया घेतला तर तक्रारीला जागाच नाही.

सुबाभूळ या चौघींत सगळ्यांत हलकी. साल वर सांगितलीच. लाकूड फिकट पिवळं, मोठ्या झाडात गाभा हलका तांबूस. शेंगा चपट्या नि पातळ. लवकर पेटते, लवकर संपते. बंब पेटवायला उत्तम, रात्रभर निखारा राखायला नाही.

वेडी बाभूळ पूर्वेकडून येते. ढलप्या क्वचितच सरळ, बहुधा बारीक आणि वाकड्यातिकड्या, कारण झाडच झुडपासारखं वाढतं. गाभा गडद तांबूस-तपकिरी आणि त्याभोवती पिवळट कडा अगदी अरुंद. फार जड, संथ जळणारी, कोळशासाठी तिची ख्याती आहे. काटे हाताला लागले तर दुखणं मागं लागतं, म्हणून रचताना जाड हातमोजे घाला.

सालही नाही, काटेही नाहीत, अशी ढलपी असेल तर पिंपातली काठी आणि गाभा-कडेची सीमा, एवढ्या दोन गोष्टींवर चौघींतल्या दोघी तरी वेगळ्या निघतात. गावठी आणि वेडीत शंका उरली तर गाडी कुठून आली ते आठवा.

रानातलं जळण

जांभा लगेच कळतो: गडद तांबूस, दगडासारखा कठीण, कुऱ्हाड उसळते, वाळलेला असूनही काठी जवळजवळ सगळी बुडते. ऐनाचा गाभा तपकिरी, त्यात गडद रेषा. किंजळ त्याचाच भाऊबंद, करड्या झाकेचा, आणि साल नसेल तर ऐन-किंजळ वेगळे करणं वखारीतल्या जाणत्यालाही जड जातं. चुलीसाठी दोन्ही चांगली, म्हणून त्यावर मी वेळ घालवत नाही. जांभूळ करडट तांबूस, मध्यम जड, चांगलं जळतं.

बिबळ्याची कसोटी दाखवण्यासारखी आहे. गाभ्याच्या चार कपच्या काचेच्या पेल्यात पाण्यात टाका. काही वेळानं पाणी पिवळट-तपकिरी होतं आणि उन्हात तिरपं धरलं की त्यावर निळी झाक उमटते. दुसऱ्या कुठल्याही जळणाच्या बाबतीत आपल्याकडं मला असं दिसलेलं नाही. पण जळणात बिबळा सापडला, तर तो आला कुठून हे विचारा. तेच शिसवीचं, म्हणजे जांभळट गाभा नि काळ्या रेषा, आणि तेच सागाचं. चंदन तर सोडाच. कर्नाटकात झाडं तोडायला १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा लागवडीच्या काही झाडांना त्यात सूट आहे, रानातल्या बहुतेक झाडांना नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथल्या लाकडाला दर विचारायचाच नाही. गाडीवाल्याकडं वनखात्याचा पास आहे का, हे विचारायची लाज बाळगू नका. कागद असलेला माणूस खिशातनं काढून दाखवतो.

फणस सांगायची गरज नसते, एवढा पिवळा दुसरा नाही; जुना झाला की तपकिरी होतो, तासला की परत पिवळा. आंबा फिकट, खरबरीत आणि हलका. रेन ट्रीचा गाभा चॉकलेटी, कड फिकट, रेषा गुंतलेल्या, फोडताना दमवणारा. पांगारा, सावर, शेवगा ही इतकी हलकी की हातानं उचलल्याबरोबर कळतात, नगास नग म्हणून पैसे देऊ नका.

फसव्या खुणा

काळा-निळा डाग. ढलपीवर शाईसारखा डाग दिसला की लोक म्हणतात कुजकं आहे किंवा अमुकच झाड आहे. बाभूळ, ऐन, जांभूळ अशा झाडांत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. त्यावर ओला कोयता किंवा खिळा टेकला की लोखंडाशी मिळून निळसर काळा रंग तयार होतो. तो डाग तासून बघा, खाली लाकूड चांगलं असतं.

पिवळं पीठ. ढलपीतून भुसा गळतो तो किड्याचा. कीड कडेच्या पांढऱ्या लाकडातल्या पिठूळपणावर येते, मग झाड कुठलंही असो. आंबा, सावर, सुबाभूळ यांना लवकर लागते एवढंच.

तडतड आणि ठिणग्या. आतली ओल आणि डिंकाचे कप्पे यांमुळं होतात. बांबूच्या बंद पेरांत हवा कोंडून तो फुटतोच, त्याला आधी उभा चिरा.

धुराचा वास. ओल्या लाकडाचा धूर सगळ्यांचाच डोळे जाळतो. वासावरून नाव काढायचं तर न जळलेलं, ताजं तासलेलं लाकूड हुंगा.

हातावर फोड आले असतील तर हे आधी वाचा

बिब्बा. धोब्याच्या खुणेसाठी ज्याचं फळ वापरत त्याचंच झाड. रस आधी फिकट असतो, हवा लागली की काळा पडतो. लाकूड करडट पांढरं, आणि साल नि लाकूड यांच्या मधल्या जागेत काळे ओघळ किंवा ठिपके वाळलेले दिसतात. पश्चिमेकडच्या दमट रानात रानबिब्बा म्हणून त्याचा भाऊबंद आहे, त्याचाही रस असाच. दोन्हींनी कातडीवर खाज, सूज, पाणी भरलेले फोड येतात, कधी दोन दिवसांनी. त्यामुळं कशानं झालं हेच घरात कळत नाही. रंगहीन लाकडावर असा काळा ओघळ दिसला की ती ढलपी बाजूला काढा, नाव पक्कं व्हायची वाट बघू नका. हात लागला असेल तर चोळू नका, लगेच साबण नि भरपूर वाहत्या पाण्यानं धुवा, कपडे वेगळे टाका. डोळ्यांना किंवा तोंडाला सूज आली तर डॉक्टरकडं जा. आणि ते लाकूड संपवायचं म्हणून जाळू तर अजिबात नका. धूर अंगावर नि श्वासात गेला की त्रास वाढतो.

शेराचं कुंपण तोडून जळणात घातलेलं कधीकधी येतं. त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार हाल होतात. कण्हेर आणि बिट्टी ही विषारी झाडं, त्यांच्या काड्या स्वयंपाकाच्या चुलीत नकोत. जुनी चौकट, प्लायवूड, रंग दिलेली फळी हे जळण नाहीच.

एवढं करूनही अडलं तर

काही ढलप्यांचं नाव भिंगानंही लागत नाही. तिथं "ऐन किंवा किंजळ", "कुठली तरी बाभूळ" एवढ्यावर थांबणं प्रामाणिकपणाचं. चुलीला तेवढं पुरतं. नाव कागदावर लागणार असेल, म्हणजे मोठ्या खरेदीत वाद आहे किंवा पासाचा प्रश्न आहे, तर बेंगळूरुला मल्लेश्वरममध्ये इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजी आहे, तिथं लाकूड ओळखून दिलं जातं. नमुना पाठवताना गाभा आणि कड दोन्ही येतील असा, न कुजलेला तुकडा द्या आणि कुठून आला ते लिहा.

पुढच्या वर्षी हा प्रश्न पडू नये म्हणून

घोळ दरवर्षी परत येतो, कारण आपल्याकडं तुलनेला काहीच नसतं. पुस्तकातला फोटो किंवा मोबाइलवरचं चित्र यांत रंग कधीच खरा येत नाही. उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे: स्वतःची नमुन्यांची फळी करा. गावात कुठंही झाड पडलं, फांदी छाटली, बांध साफ केला की तिथं जा. झाड उभं असताना किंवा पानांसकट पडलेलं असताना नाव पक्कं करून घ्या. घरातल्या आज्जीला, गुराख्याला, सुताराला विचारा. मराठी नावही लिहा, कानडीही. मग वीतभर लांब, मनगटाएवढं जाड खांड घ्या, अर्ध्यात उभं फोडा. अर्ध्याला साल ठेवा, अर्ध्याची काढा. खोडाचा मिळाला तर खोडाचाही घ्या आणि फांदीचाही, कारण जळणात फांद्याच जास्त येतात आणि कोवळ्या फांदीत गाभ्याचा रंग भरलेला नसतो.

नाव खडूनं नको, पुसतं. तापलेल्या खिळ्यानं किंवा कोरून लिहा, खाली गाव आणि महिना. सावलीत टांगा. आपल्या गावाला लागतात ती पंधरा-वीस झाडं जमली की बहुतेक ढीग उकलतो. पुढची गाडी आली की ती उतरवून घेण्याआधी वरची नको, मधली एक ढलपी उपसून काढा, गाडीवाल्यासमोर तासा आणि फळीवरच्या तुकड्याशेजारी धरा. फळीवरचा तुकडाही त्या वेळी थोडा ताजा तासून घ्यायचा, नाहीतर करड्याशी ताज्या रंगाची तुलना होते आणि चांगली बाभूळ परत पाठवली जाते.